मास्तरांच्या पाठीचं ठिगळ

४ फेब्रुवारी

लाडक्या भिंगरीस,

आजीचा भरभरून आशीर्वाद आणि दोन्ही गालांचे पापे. आम्ही इकडे बरे आहोत, तूही तिकडे बरी असशील असं धरून चालते. पत्र लिहायला कारण म्हटलं तर काही नाही, आणि म्हटलं तर इतकं आहे की कुठलं टोक धरावं कळत नाही. फोनवर तू विचारतेस आणि मी "सगळं ठीक" म्हणते, कारण फोन तुझ्या बाबाच्या हातात असतो आणि तो आवाज मोठा करून ठेवतो. पोटच्या पोरासमोर मला हे बोलायची लाज वाटते. तू वाच आणि कपाटात ठेवून दे, प्रयोगशाळेत कुणाला दाखवू नकोस. माझं लिहिणं चौथीतच थांबलंय, तेव्हा एखादा शब्द लागला नाही तर सोडून पुढे जा, मागचापुढचा मिळून अर्थ लागतो.

आधी किरकोळ. खिडकीची काच अखेर बसली. बसवणारा इतका बोलका की मला तोंड उघडायला मिळालं नाही, म्हणजे बघ. तुझ्या आईनं मला लोकरीचे मोजे आणले, छान आहेत, पण दोन्ही डाव्याच पायाचे वाटतात. वरच्या मजल्यावरच्या बाईंचं मांजर आपल्या जिन्यात येऊन बसतं. तुझे आजोबा त्याला म्हणतात, "या, बसा. माप द्यायचंय का?"

आता त्यांच्याबद्दलच सांगते. मी त्यांना मास्तरच लिहिणार, सगळी गल्ली म्हणते तसं. शिंप्याचं दुकान बंद झालं, मशीन विकलं, पण मास्तर हे नाव काही उतरलं नाही. स्वतःचं नाव विसरले तरी "मास्तर" म्हटलं की मान वळते.

तुला ठाऊक आहे, मी कोण ते त्यांना आता कळत नाही. मला "बाई" म्हणतात. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी मोरीत जाऊन रडले. दुसऱ्यांदाही रडले. नंतर मात्र एक गंमत झाली, आणि तीच तुला सांगायची आहे.

थंडी सुरू होत होती. मी बाहेरच्या खोलीतला पडदा काढून त्याची तुरपाई करत बसले होते. मास्तर येऊन समोरच्या खुर्चीवर बसले आणि पडद्याची कड उचलून बोटांत धरली. बोटं अजून तीच आहेत, कापड लागलं की शहाणी होतात. कड उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली, उजेडाकडे धरली. मग म्हणाले, "ही तुरपाई कोणाची?"

"माझीच."

"हात चांगला आहे हो बाई तुमचा."

मला सुई टोचली, भिंगरे. रक्ताचा ठिपका अजून त्या पडद्यावर आहे, मी धुतलेला नाही.

"आमच्याकडे कामाला याल का?" मास्तर म्हणाले. "दुकान जवळच आहे. फक्त धागा दातानं तोडायचा नाही, कात्री वापरायची. एवढी एकच अट."

माझ्या तोंडात तेव्हा धागाच होता. मी तो हळूच बाहेर काढला आणि म्हटलं, "येईन की. पण मालक कसे आहेत?"

"मालक?" त्यांनी जरा विचार केला. "कडक आहे म्हणतात. पण तुम्हाला काही बोलणार नाही."

हसून हसून मला ठसका लागला. तर त्यांनी उठून पाणी आणून दिलं. मास्तरांनी, मला.

तेव्हापासून मला रोज सकाळी नोकरी लागते. रोज माझी तुरपाई बघतात, रोज चकित होतात, रोज कामावर ठेवतात. संध्याकाळी विचारतात, "उद्या याल ना? नाहीतर चांगली माणसं टिकत नाहीत." आरशात बघून केस नीट करायला लागले आहे मी. हस, हस. मलाही लाज वाटते.

तू म्हणशील, आजी, एवढं काय त्यात. तुला ठाऊक असलेले आजोबा म्हणजे तुला टेबलावर बसवून बाहुलीचे कपडे कापून देणारे. मला ठाऊक असलेले मास्तर वेगळे. वाईट नव्हते गं. हात उचलला नाही, आवाज चढवला नाही. घरी आणलेल्या कामातली तुरपाई आणि काजं-बटणं माझ्याकडे असत. मी करून टेबलावर ठेवायची. पसंत नसेल तर ते न बोलता उसवायचे. एक शब्द नाही. कपडा टेबलावर तसाच, आणि शेजारी उसवलेल्या धाग्यांची छोटीशी गुंडाळी ठेवलेली. तेवढ्यावरून मी समजायचं. आणि पसंत असेल तर टेबल रिकामं. जन्मभर मी रिकाम्या टेबलालाच शाबासकी धरून चालले.

बरं, त्यांच्या विसरण्यावरच्या नव्या औषधाच्या पट्टीचं विचारलं होतंस. हो, रोज बदलते. तूच ते औषध तपासून बघणारं केंद्र शोधून दिलंस, तूच अर्ज भरलेस, मग मी हयगय करीन का. अंघोळीनंतर पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, जिथे त्यांचा हात पोचत नाही. मी तिला ठिगळ म्हणते. वापरलेली पट्टी दुमडून डब्यात, आणि डबा महिन्याला केंद्रात परत. सगळं शिस्तीत चाललंय. काळजी नको.

माझ्या दंडाला मात्र हल्ली खाज सुटते. साबण बदललाय म्हणून असेल.

तुझ्या उंदरांना माझा नमस्कार सांग.

तुझी,
रोज नव्यानं कामाला लागणारी आजी


९ मार्च

लाडक्या भिंगरीस,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. इतकं मोठं पत्र मला आजवर कुणी लिहिलं नाही. मी ते भिंग लावून वाचलं, मग बिनभिंगाचं वाचलं, मग उशीखाली ठेवलं, आणि मग तिथे ठेवायची हिंमत होईना म्हणून शिवणाच्या डब्यात खाली दडवलं.

तू लिहिलंस, आजोबांचं वाचून तू प्रयोगशाळेत उड्या मारल्यास. लिहिलंस की माणूस शांत होतो, गोड बोलतो, कामात लक्ष घालतो, हे औषधाचंच असणार. तुझ्या मोठ्या सरांना सांगितलंस, ते म्हणाले घाईनं काही म्हणू नये, पण हसले. आणि लिहिलंस की सुट्टीत येशील तेव्हा आजोबा तुला भिंगरी म्हणून हाक मारतील, तुझी खात्री आहे.

आज काच, मोजे, मांजर काही नाही. मांजर बरं आहे.

तू मागे मला उंदरांची परीक्षा सांगितली होतीस ना. पाण्याच्या टबात उंदीर सोडायचा, पाण्याखाली कुठेतरी एक पाट लपवलेला. धडधाकट उंदीर जागा लक्षात ठेवतो आणि पोहत तिथे जाऊन उभा राहतो. या आजाराचा उंदीर गोल गोल पोहत राहतो. मग औषध देऊन बघायचं, पाट सापडतो का. माणसाच्या डोक्यात काय होतं तेही सांगितलं होतंस, चिकट गोळे साचतात, आणि मी म्हटलं होतं, म्हणजे मशीनच्या सुईखाली धाग्यांचा कचरा साचतो आणि टाका सुटतो तसं. तू म्हणाली होतीस, आजी, तू माझ्या वर्गात शिकवायला ये.

तर मला सांग. तुझं लक्ष नसताना कुणी एका उंदराचं औषध काढून घेतलं, आणि वहीत मात्र "औषध दिलं" असं लिहिलं, तर तुझं किती काम वाया जाईल?

ते कुणीतरी मी आहे.

सांगायला सुरुवात केली आहे तर सगळं सांगते. मास्तरांनी माझी तुरपाई वाखाणली ती पट्टीच्या आधी. पहिली पट्टी लागायच्या कितीतरी आधी. तुला मी ते मुद्दाम सांगितलं नाही असं नाही, पण तुझा गैरसमज होतोय हे वाचूनही मी दोन दिवस गप्प बसले, ते मुद्दाम. तो गोडवा औषधाचा नाही, भिंगरे. आजाराचा आहे.

पट्ट्या सुरू झाल्या तेव्हा मी अगदी नियमानं लावत होते. केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी मला सगळं समजावलं होतं. निम्म्या लोकांच्या पट्टीत औषध आहे, निम्म्यांच्या पट्टीत नाही, कुणाच्या कुठली ते त्यांनाही ठाऊक नाही. आजारी माणसाला स्वतःचं सांगता येत नाही, म्हणून घरच्यानं खरं सांगायचं. मी मान हलवली होती. सहीसुद्धा नीट काढली होती.

मग एक सकाळ आली. मी उशीचा अभ्रा शिवून टेबलावर ठेवला आणि चहा टाकायला गेले. परत येते तो मास्तर अभ्रा घेऊन बसलेले. त्यांनी कड उलटी केली, सुलटी केली. मी वाट बघत उभी, आता म्हणतील, हात चांगला आहे. त्यांनी छोटी कात्री उचलली आणि उसवायला लागले. एकेक टाका. ओठ मिटलेले. भुवई तीच, जुनी. सगळं उसवून झाल्यावर धाग्यांची गुंडाळी केली, कपड्याशेजारी ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अगं, चहा गार झालाय."

अगं. बाई नाही. अगं.

ते परत आले होते. तू तिथे असतीस तर पळत जाऊन त्यांच्या गळ्यात पडली असतीस.  मी चहा गरम करून दिला आणि मोरीत जाऊन बसले. या वेळी रडू नाही आलं. एवढंच मनात आलं, पुन्हा नको. देवाशप्पथ, हेच शब्द. ज्या माणसाबरोबर जन्म काढला तो घरी परत आला, आणि मला वाटलं, पुन्हा नको.

दुपारपर्यंत ते पुसलं गेलं. संध्याकाळी मला म्हणाले, "बाई, उद्या याल ना?" मी म्हटलं, "येईन हो, येईन."

दुसऱ्या दिवशी पट्टी हातात घेतली. पाठ समोर. चिकटवायचीच होती. मी त्यांना सदरा घालून दिला.

पण डबा परत द्यायचा असतो. न वापरलेली पट्टी लगेच कळते, तिच्या गोंदाला ना एक केस ना घामाचा डाग. मी शिंप्याची बायको, कापड अंगावर गेलेलं आहे की नाही ते मला कळतं, तसं त्यांनाही कळणार. म्हणून ती मी माझ्या दंडाला लावली. बाहीच्या आत. दुसऱ्या दिवशी काढून दुमडून डब्यात. आणि तेव्हापासून रोज. खाज साबणाची नाही.

त्या पट्टीत औषध आहे की नुसता गोंद, मला ठाऊक नाही. पण मला हल्ली फार आठवतं. कुठल्या सदऱ्याची कुठली काजं उसवली होती, ते रंगासकट. कदाचित औषध असेल. कदाचित मनाला लागलेलं असेल म्हणून आठवत असेल. आणि ती सकाळसुद्धा कशामुळे आली कुणास ठाऊक. नुसत्या गोंदावरसुद्धा आली असेल. पण मी पट्टी काढून घेतली ती औषध आहे असं समजून, हे खरं आहे.

हेही मी बहुतेक सांगितलं नसतं. परवा केंद्रात गेलो तेव्हा जे झालं त्यानं मला बोलतं केलं.

बाहेरच्या बाकावर एक बाई नेहमी भेटते. चष्म्याचं दुकान चालवते, नवरा बस चालवायचा. उंच, दांडगा मनुष्य, पण बायको जवळ आली की भिंतीला चिकटतो. त्याला वाटतं ती घरात शिरलेली चोर आहे. रोज रात्री तो खोलीचं दार आतून लावून घेतो आणि ती बाहेर सोफ्यावर झोपते. एवढं ती हसून सांगते. म्हणते, "बरं आहे, घोरणं ऐकू येत नाही."

परवा तिचं हसू गेलं होतं. मला म्हणाली, "ताई, खरं सांगा. तुमच्यांना पट्टीनं काही फरक? थोडासुद्धा?"

आतून मी नुकतीच डॉक्टरीणबाईंना "काही फरक नाही" सांगून आले होते. बाहेर येऊन वेगळं कसं बोलू? म्हटलं, "नाही हो. काहीच नाही."

"एक दिवससुद्धा?"

"एक दिवससुद्धा."

तिनं मांडीवरची पिशवी खांद्याला अडकवली. मग उठली. "चला," त्याला म्हणाली, "आता यायला नको इथे." नर्स मागे गेली, म्हणाली, निदान आत येऊन बोला तरी. ती म्हणाली, "काय बोलायचं? या ताईंचे मास्तर माझ्या ह्यांच्यापेक्षा कितीतरी बरे, त्यांना फरक नाही तर आम्हाला काय पडणार? उगाच ह्यांच्या अंगाला हात लावायचा आणि मार खायचा." बाही वर केली तिनं. दंडावर निळे वळ. पट्टी लावताना तो झटकतो म्हणून.

तिच्या दंडावर वळ, नवऱ्याला पट्टी लावल्याचे. माझ्या दंडावर चट्टे, नवऱ्याला न लावल्याचे. मी माझी बाही खाली ओढली.

लिफ्टचं दार लागलं. मास्तर मला म्हणाले, "त्या बाईंचा ब्लाऊज खांद्यात घट्ट होतोय, बोलवा त्यांना, सैल करून देऊ."

मी हाक मारली नाही.

मला तू आता कसं उत्तर लिहिशील ठाऊक नाही. लिहू नये असं वाटलं तर नको लिहूस.

आजी


२ एप्रिल

भिंगरीस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. एवढीशी चिठ्ठी. "आजी, आधी डॉक्टरांना सांग. मग माझ्याशी बोल." खाली नावसुद्धा नाही. बरोबर केलंस. मी ते दडवलं नाही, आरशाच्या फटीत खोचलं.

सांगितलं. म्हणून आता बोलते.

तुझ्या बाबाला बरोबर नेलं, त्याच्यासमोरच सांगितलं, म्हणजे पुन्हा वेगळं सांगायला नको. डॉक्टरीणबाई तरुण आहे, तुझ्याहून थोडी मोठी असेल. तिनं ऐकून पेन खाली ठेवलं. मला वाटलं ओरडेल. मी ओरडा खायच्या तयारीनं गेले होते, चांगलं बोलून घेतलं की मन हलकं होतं म्हणून. तर ती म्हणाली, "बाही वर करा." माझ्या दंडावर लाल चौकोन, एकाशेजारी एक, ठिगळांची गोधडीच. तिनं हळूच बोट लावलं. "चक्कर येते का? मळमळतं का? झोप लागते?" माझी चौकशी करत होती, आधी माझी. तेव्हा मात्र धरणीनं पोटात घेतलं तर बरं असं मला झालं.

मग तिनं खुर्ची जवळ ओढली. "तुम्ही सांगितलं नसतं तर आम्ही काय समजलो असतो माहीत आहे? औषध अंगात गेलं आणि उपयोग झाला नाही. अशी थोडी घरं निघाली तर एखादं चांगलं औषधसुद्धा केराच्या टोपलीत जातं. मग ज्यांना त्यानं बरं वाटलं असतं त्यांना ते कधीच मिळत नाही."

मी म्हटलं, "आणि पट्टी रिकामी असली तर?"

"तरी तुम्ही सांगितलेलं खोटंच."

पुढे काय, ते वरचे लोक ठरवतील म्हणाली. मग एकदम आवाज खाली करून विचारलं, "पण का काढून घेतलीत?" मी तुला लिहिलं होतं तेच सांगितलं, अभ्र्याचं, चहाचं. तिनं लिहून घ्यायला पेन उचललं आणि लिहिलं नाही. म्हणाली, "हा प्रश्न आमच्या कागदांत कुठेच नाही. घरच्यांना माणूस परत हवा आहे असंच आम्ही धरून चालतो."

तुझा बाबा तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. बापाची तेवढी एक सवय उचलली आहे. चौथ्या दिवशी म्हणाला, "आई, ते तुला असं वागवत होते, मला दिसलं कसं नाही?" मी म्हटलं, "टेबल रिकामं दिसत होतं ना तुला. ते रिकामंच बरं दिसतं." पोरगा माझा, त्याला तरी काय बोलू.

मग मी एकटी चष्म्याच्या दुकानात गेले. दुकान अरुंद आहे, दोन्ही बाजूंनी नुसत्या काचा, जिकडे बघावं तिकडे आपलंच तोंड. ती एका म्हाताऱ्याच्या नाकावर चष्मा बसवत होती. त्याचं होईपर्यंत मी उभी राहिले. मग म्हटलं, "बाई, मी त्या दिवशी खोटं बोलले."

सगळं सांगितलं. ती काचा पुसायचं फडकं बोटाला गुंडाळत आणि सोडत होती.

शेवटी म्हणाली, "तुमचा नवरा तुम्हाला न ओळखून कामावर ठेवतो. माझा मला न ओळखून चोर ठरवतो. आणि तुम्ही माझ्याकडून एवढंही काढून घेतलंत."

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"माफ वगैरे मी करणार नाही."

"नका करू."

तिनं ड्रॉवर उघडला, बंद केला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "म्हणजे फरक पडला होता तर."

"पट्टीनं पडला की आपोआप, ते मला सांगता येणार नाही. पण एक सकाळ ते पुरे होते. मला 'अगं' म्हणाले."

"एक सकाळ," ती म्हणाली. खुर्चीवर बसली. "मला एक सकाळ पुरे."

नर्सनं नंतर सांगितलं, त्या आठवड्यात ती नवऱ्याला घेऊन पुन्हा आली. आता ते दिसले तर मी पलीकडच्या बाकावर बसते. मास्तर मात्र तिला वाकून नमस्कार करतात आणि तिच्या ब्लाऊजच्या खांद्याकडे बघतात.

वरच्या लोकांचं उत्तर परवा आलं. मधल्या दिवसांच्या नोंदींवर खूण करून त्या वेगळ्या ठेवतील. पट्टी परत लावायची की न लावता मास्तरांवर नुसतं लक्ष ठेवायचं, ते घरच्यांनी ठरवावं, म्हणाले. तुझा बाबा म्हणाला, "आई, तू ठरव. तू नको म्हणालीस तर कुणी तुला काही म्हणणार नाही." किती सोपं केलं त्यानं. मी रात्रभर तेच घोळवलं, नको म्हणायला मला पोटच्या पोरानं परवानगी दिली होती.

काल सकाळी मी मास्तरांना स्टुलावर बसवलं, पाठ पुसली, पट्टीचा कागद सोलला.

"काय करताय बाई?"

"ठिगळ लावतेय."

"सरळ लावा."

सरळ लावली. तळव्यानं दाबून धरली, केंद्रात शिकवलं तशी. पाठ गरम होती. संध्याकाळी तुझा बाबा येऊन बघून जातो आणि सही करतो, रोज करणार आहे. मला त्याची लाज वाटते आणि ती वाटलेली बरी.

तू सुट्टीत येशील तेव्हा ते तुला भिंगरी म्हणतील की नाही, मी सांगू शकत नाही. नाही म्हणाले तर औषधाचे काही आठवडे मी खाल्लेले आहेत, हे तुला ठाऊक असावं. तुला राग आला तर तो माझ्या तोंडावर काढ, फोनवर नको.

आणि एक. काल दुपारी मी मास्तरांच्या जुन्या सदऱ्याची कड तुरपली. सगळे टाके नीट घातले, शेवटचे दोन मुद्दाम वाकडे. धागा दातानं तोडला. सदरा टेबलावर ठेवला, शेजारी छोटी कात्री ठेवली. आज सकाळपासून त्यांच्या हाताशी आहे. मी हे पत्र स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसून लिहितेय, इथून टेबल दिसतं.

मघाशी त्यांनी सदरा उचलला. कड उलटी केली. सुलटी केली. आता उजेडाकडे धरून बघतायत. वाकड्या टाक्यांशी बोट थांबलंय. अजून काही बोललेले नाहीत.

मी चहा टाकलाय. गार होऊ देणार नाही.

तुझी आजी,
अजून तरी कामावर असलेली